आधी रंग, मग कट: डाय-कटिंग मशीनवर आकाशकंदिलाचं ग्रीटिंग कार्ड

मशीन घेतल्यावर पहिले दोन-तीन महिने मी सगळं उलटं करत होते. म्हणजे आधी मस्तपैकी आकार कापून घ्यायचे, मग तो एवढासा तुकडा चिमटीत धरून मार्करने रंगवत बसायचं. मग काय, बोटं लाल, तुकड्याच्या कडेला शाई जाऊन काळपट रिंग, आणि रंग कुठेच एकमेकांत मिसळलेला नाही. वैतागून एक दिवस मोठ्या कागदावर नुसताच पिवळा-केशरी-लाल असा डाग रंगवला आणि वाळल्यावर त्यावर षटकोनी डाय (म्हणजे धारदार कडेचा धातूचा साचा) ठेवून कापला, तर असला स्वच्छ तुकडा निघाला की बास! रेषेच्या आत रंगवायची भानगडच नाही, कारण रेषा मशीनच काढतं. तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे, आधी रंग आणि मग कट. खाली जे कार्ड सांगतेय ते पूर्ण ह्याच पद्धतीने होतं आणि चित्रकला येत नसलेल्या माणसालाही जमतं, कारण मलाही येत नाही.

कार्ड दिवाळीचं घेतलंय, आकाशकंदिलाचं. त्यालाही कारण आहे. डाय बघायला जाल तर निम्मे स्नोमॅन, रेनडिअर, भोपळे आणि इस्टरचे ससे. ते घेऊन आपण करणार काय? त्यामुळे पहिल्या खरेदीत चित्राचे डाय घेऊच नका. साधे भौमितिक आकार घ्या, एकात एक बसणारे, ज्याला नेस्टिंग डाय म्हणतात. एक आयताचा सेट, एक गोलाचा, एक षटकोनाचा. ह्या तिनात कंदील, पणती, तुळशीवृंदावन, राखी, पतंग सगळं बसवता येतं.

मशीन कुठलं

हाताने हँडल फिरवायचं मशीन पुरतं. सिझिक्सचं बिग शॉट किंवा त्याच जातीचं कुठलंही, तोंड सहा इंचाचं असलं की आपला ए५ कागद आरामात आत जातो. तीन इंचवाली मिनी मशीन दिसायला फार गोड असतात, पण त्यात कार्डाचं पॅनल, म्हणजे बेसवर चिकटवायचा मोठा तुकडा, जात नाही, मग महिन्याभरात मोठं घ्यावंसं वाटतं. विजेवर चालणारी मशीनं पण मिळतात, जेमिनी वगैरे, खांदा किंवा मनगट दुखत असेल तर ती घ्या. आणि क्रिकट किंवा ब्रदरचं स्कॅन-एन-कट हा वेगळाच प्रकार आहे, त्यात डाय नसतो, कॉम्प्युटरवर आकार काढायचा आणि बारीक ब्लेड तो कापतं. त्याचा एक फायदा पुढे अक्षरांच्या वेळी सांगते, पण पहिलं मशीन म्हणून मी तरी हँडलवालंच घ्या म्हणेन. लाइट नसली तरी चालतं आणि त्यात बिघडण्यासारखं फार काही नाही.

कागद, सगळ्यात जास्त डोकं इथेच लावा

कार्ड बिघडलं की लोक मशीनला दोष देतात. दहातल्या आठ वेळा गडबड कागदाची असते.

कार्डाचा बेस म्हणजे जो दुमडून उभा राहतो तो कागद २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम, आकडा जितका मोठा तितका कागद साधारण जाड) हवा. १८० चा घेतलात तर वर दोन थर चिकटवल्यावर कार्ड पुढे वाकून नमस्कार करतं. वरच्या थरांना २०० ते २५० पुरे. स्टेशनरीच्या दुकानात जाऊन नुसतं 'जाड कागद द्या' म्हणालात तर हाताला येईल तो मिळेल, त्यामुळे जीएसएम विचाराच. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रेहमान स्ट्रीट, पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि बोहरी आळी, इथे फिरलात तर कागद हाताने चाचपून घेता येतो, ऑनलाइन फोटोत जाडी कळत नाही.

साइजचा घोळ आधीच समजून घ्या. परदेशी व्हिडिओत सगळे सव्वाचार बाय साडेपाच इंचाचं कार्ड करतात, कारण त्यांचा लेटर साइजचा कागद अर्धा कापून दुमडला की तेवढंच होतं. आपल्याकडे ए४. तो अर्धा कापला की ए५ आणि तो दुमडला की ए६, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर. म्हणजे आपलं कार्ड त्यांच्यापेक्षा किंचित अरुंद आणि जरा उंच. त्यामुळे चार इंच रुंदीचा त्यांचा पॅनलचा डाय आपल्या कार्डावर ठेवला की बाजूला जेमतेम दीड-दोन मिलिमीटर उरतात आणि तो थोडासा जरी तिरका चिकटला तरी लगेच दिसतं. मी पॅनल पट्टी आणि कटरनेच कापते, ९५ बाय १३८ मिलिमीटर, चारी बाजूंनी साधारण पाच मिलिमीटरची बॉर्डर सुटते. सरळ रेषेसाठी डाय कशाला लागतो?

अजून एक, कागदाला धागा असतो, म्हणजे त्यातले तंतू एका दिशेला असतात. कागद दोन्ही बाजूंनी हलकाच वाकवून बघा, ज्या बाजूने पटकन वाकतो त्या दिशेने दुमडला तर घडी सरळ येते, उलट्या दिशेने दुमडला की घडीवर कागद फुटतो, पांढऱ्या भेगा दिसतात. ए४ मध्ये धागा बहुतेक वेळा लांब बाजूने असतो, आणि गंमत म्हणजे असा ए४ आडवा मधोमध कापून दुमडला की घडी आपोआप धाग्याच्या दिशेने येते. पण दुकानदाराने मोठ्या शीटमधून ए४ कापून दिले असतील तर भरवसा नाही, वाकवून बघाच. दुमडायच्या आधी पट्टी लावून संपलेल्या बॉलपेनने एक दाबून रेघ ओढा. ह्याला खास बोर्ड पण मिळतो, नसला तरी अडत नाही.

पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद मला जीव की प्राण आहे, पण त्यात फुलाच्या पाकळ्या किंवा लांब तंतू असलेला प्रकार असेल तर बारीक नक्षीच्या डायखाली घालू नका, तंतू तुटत नाहीत आणि कड केसाळ येते. त्याचा बेस करा, पाकीट करा, फार तर मोठा साधा गोल कापा.

रंग: कंदिलाच्या आतला दिवा

आता मुख्य काम. पांढरा, गुळगुळीत, २५० जीएसएमचा कागद घ्या आणि त्यावर षटकोनी डाय ठेवून पेन्सिलीने बाहेरून अगदी फिकट खूण करा. कंदिलासाठी साधारण साडेसहा सेंटीमीटरचा षटकोन बरोबर बसतो. रंगवायचं ह्या खुणेच्या बाहेरपर्यंत, सगळीकडून एक सेंटीमीटर जास्त.

अल्कोहोल मार्कर वापरत असाल तर कागदाखाली एक रद्दी कागद हवाच हवा, कारण शाई आरपार उतरते, आमच्या डायनिंग टेबलवर अजून एक केशरी ठिपका आहे. कंदील म्हणजे आत दिवा, बाहेर कागद, म्हणजे मध्यभाग सगळ्यात फिकट आणि कडा गडद. कॉपिकचे असतील तर वाय ११, वाय १५, वायआर ०४ आणि आर २७ हे चार पुरतात, दुसऱ्या कंपनीचे असतील तर फिकट पिवळा, हळदी पिवळा, केशरी आणि लाल. कॉपिकचे नंबर एकदा समजले की शेड निवडणं सोपं होतं. अक्षर म्हणजे रंगाचं घराणं, पहिला आकडा रंग किती मळलेला किंवा करडा आहे ते सांगतो आणि शेवटचा आकडा किती गडद ते. म्हणून एकाच घराण्यात पहिला आकडा तोच ठेवून शेवटच्या आकड्यात दोन-तीनचा फरक घेतला की शेड एकमेकांत छान मिसळतात, जसं आर २२, आर २४, आर २७. आपण इथे घराणी ओलांडतोय पिवळ्यापासून लालपर्यंत, म्हणून मध्ये केशरीचा पूल टाकलाय. पिवळ्याला थेट लाल लावलात तर मध्ये पट्टा दिसतो.

आता हात कसा चालवायचा. आधी पूर्ण भागावर फिकट पिवळा फिरवा, कागद जरा ओला झाला पाहिजे. तो वाळायच्या आत मध्याचा रुपयाएवढा भाग सोडून बाहेर हळदी पिवळा, मग त्याच्या बाहेर केशरी, आणि अगदी कडेला लाल. प्रत्येक रंग आतल्या रंगावर थोडासा चढवायचा आणि हात बाहेरून आत असा झटकायचा, म्हणजे टोकाला शाई कमी होत जाते. मग परत उलट या, केशरीने लालची कड मोडा, हळदीने केशरीची, फिकट पिवळ्याने हळदीची. ही परतीची फेरी लोक खातात आणि मग म्हणतात ब्लेंड होत नाही. ओलं असताना रंग गडद दिसतो, वाळला की एक शेड उतरतो, त्यामुळे घाईघाईने फिकट करायला जाऊ नका.

मार्कर महाग पडतात, मान्य आहे. मी पहिलं वर्ष कॅम्लिनच्या रंगीत पेन्सिलींवरच काढलं. पेन्सिलीने करायचं तर कागद थोडा खरखरीत घ्या, दाब अगदी हलका, आणि एकावर एक चार-पाच थर द्या, पहिल्याच थराला जोर लावला की कागदाचे दात, म्हणजे तो खरखरीतपणा, मेणाने भरतात आणि वरचा रंग घसरतो. एक सूचना, पेन्सिलीचं मेण दाबाखाली डायला आणि प्लेटला लागतं, म्हणून कापताना रंगावर बटर पेपरचा तुकडा ठेवा. वॉटरकलरनेही होतं, फक्त कागद वॉटरकलरचा हवा, ३०० जीएसएम, आणि पूर्ण वाळल्याशिवाय मशीनमध्ये घालायचा नाही, ओलसर कागद कापला जात नाही, फाटतो.

मार्करने रंगवलेला कागदही दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या.

मागचं आकाश

कंदील वाळेपर्यंत पॅनल करून घ्या. पांढऱ्या ९५ बाय १३८ च्या पॅनलवर निळी आणि काळी शाई ब्लेंडिंग ब्रशने गोल गोल फिरवत चढवा, वर गडद आणि जिथे कंदील येणार तिथे फिकट. ब्रश आधी बाजूच्या रद्दीवर टेकवून मग कागदावर आणायचा, थेट टेकवला तर तिथे जो डाग पडतो तो जन्मात जात नाही. डिस्ट्रेस इंक वापरत असाल तर चिप्ड सफायर आणि कडेला ब्लॅक सूट छान दिसतात. ही शाई पाण्याला प्रतिक्रिया देते, त्यामुळे ओल्या बोटाने चार थेंब शिंपडायचे, मिनिटभर थांबायचं आणि टिश्यूने टिपायचे, थेंब पडले तिथला रंग फिकट होऊन चांदण्या तयार. अमावास्येच्या रात्री चांदण्या जास्तच दिसतात, तेव्हा हात आखडता घेऊ नका.

कापणं

मशीनच्या सँडविचचा क्रम असा: सगळ्यात खाली प्लॅटफॉर्म, त्यावर एक पारदर्शक प्लेट, त्यावर डाय धार वरच्या बाजूला, त्यावर रंगवलेला कागद रंग खाली तोंड करून, आणि वर दुसरी प्लेट. म्हणजे धार रंगाच्या बाजूला टेकते. असं का, तर धार ज्या बाजूने शिरते त्या बाजूची कड किंचित गोलसर, मऊ आणि स्वच्छ येते. उलट ठेवलात तर तीच कड मागे जाते. कागद उलटा असल्यामुळे डाय नक्की कुठे आहे ते दिसत नाही, म्हणून आधी सुलट्या कागदावर डाय ठेवून नीट मध्य साधा, पिवळा बरोबर मधोमध, आणि कागदी टेपचे दोन तुकडे लावून पक्का करा. मग सगळं उलटं करून प्लेटवर ठेवा. टेप ताजा असेल तर आधी कपड्यावर एकदा चिकटवून काढा, नाहीतर काढताना कागदाची साल घेऊन येतो. प्रत्येक मशीनचा क्रम थोडा वेगळा असतो, बहुतेकांच्या प्लॅटफॉर्मवर तो छापलेलाच असतो, त्यावर जा.

डाय प्लेटवर थोडा तिरका ठेवा. सरळ ठेवला तर त्याची अख्खी बाजू एकदम रोलरखाली येते, हँडल अडकतं आणि आपण जोर लावतो. तिरका असला की धार हळूहळू शिरते. कट-कट, कर्र असा आवाज येणं नॉर्मल आहे, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं प्लेट फुटली. पण हँडल फिरतच नसेल तर थांबा, सँडविच जास्त जाड झालंय, एखादा थर चुकून जास्त पडलाय.

आणि कट अर्धवट आला तर? आधी कागद न हलवता एकदा परत पास करा. मग प्लेटा तशाच ठेवून फक्त टेपने जोडलेला डाय आणि कागद काटकोनात फिरवून एक पास. तरीही नाही झालं तर खालच्या प्लेटखाली एक साधा ऐंशी जीएसएमचा प्रिंटरचा कागद घाला, ह्याला शिम म्हणतात, एकाने नाही झालं तर दोन. फक्त एका कोपऱ्यातच कट राहत असेल तर तेवढ्याच जागी शिमचा तुकडा. नक्षीदार डायमध्ये कागद अडकून बसतो, त्याला डाय आणि कागदामध्ये बटर पेपर घाला, तो कापला जातो आणि आपला कागद सहज सुटतो. उरलेलं सुईने डायच्या मागच्या बारीक भोकांतून ढकलायचं. नखाने ओढू नका, पातळ डाय वाकतो आणि वाकलेला डाय मग आयुष्यभर एका बाजूने कापत नाही.

प्लेटवर रेघा पडणारच, त्याने काही बिघडत नाही. पण एकाच बाजूने सतत कापलं की प्लेट होडीसारखी वाकते, म्हणून दर वेळी पालटत जा.

आता सोनेरी चौकट. षटकोनाच्या सेटमधला तोच डाय आणि त्याच्या आतला एक नंबर छोटा, असे दोन्ही एकात एक ठेवून टेपने पक्के करा आणि सोनेरी कार्डस्टॉक एकाच पासमध्ये कापा, मधली रिंग म्हणजे कंदिलाची कड. टेप लावायच्या आधी सगळीकडून सारखं अंतर आहे का बघा, रिंग एका बाजूला बारीक झाली तर ती लपवता येत नाही. त्याच कागदाच्या दोन मिलिमीटर रुंद तीन पट्ट्या कटरने काढा, ह्या कंदिलाच्या काड्या. झिरमिळ्यांसाठी रंगवून उरलेल्या कागदाच्या आणि लाल-केशरी घोटीव कागदाच्या पाच मिलिमीटर रुंद, पाच सेंटीमीटर लांब अशा सात-आठ पट्ट्या, खालचं टोक तिरकं.

जोडणी

काड्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडत षटकोनावर चिकटवा, मध्यावर तिन्ही एकमेकींना छेदतील, सहा त्रिकोण तयार होतील आणि ब्लेंडिंगमध्ये जिथे कुठे पट्टा राहिला असेल तो काडीखाली गुडूप. वरून रिंग. काड्यांना आणि रिंगला फेविकॉल टूथपिकच्या टोकावर घेऊन ठिपके ठिपके लावा, सलग लावला तर पाण्यामुळे कागद लाटांसारखा होतो. मग षटकोन उलटा करून खालच्या कडेला झिरमिळ्या चिकटवा, थोड्या लांब-आखूड राहू द्या, सगळ्या एका मापाच्या केल्या की झाडू वाटतो.

कंदील पॅनलवर फोम टेपने बसवायचा, म्हणजे खरंच हवेत लटकल्यासारखा सावली टाकतो. वरून पॅनलच्या कडेपर्यंत सोनेरी दोरा. फोम टेप कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत लावा, नाहीतर बाजूने पांढरा फोम दिसतो. एकदा चिकटला की निघत नाही, म्हणून ज्यांचा हात थरथरतो त्यांनी फोमवर एक थेंब गोंद टाकावा, तेवढ्याने दहा-पंधरा सेकंद सरकवायला मिळतात.

मजकूर

इथे आपली खरी अडचण. बाजारात शब्दांचे डाय मिळतात ते बहुतेक इंग्लिश. 'शुभ दीपावली' लिहायचं तर पर्याय असे की गडद पट्टीवर पांढऱ्या जेल पेनने लिहा, प्रिंटरवर चांगल्या फॉन्टमध्ये छापून पट्टी कापा, किंवा रबरी शिक्के करणाऱ्याकडून एकदाच शिक्का बनवून घ्या, जो पुढची दहा वर्षं चालेल. मी शिक्काच करून घेतलाय.

कॉम्प्युटरवालं मशीन असेल तर मात्र देवनागरीची एक मजा आहे. इंग्लिशमध्ये छापील अक्षरं कापली की सुटी सुटी होतात आणि एकेक करून सरळ रेषेत चिकटवत बसावं लागतं. आपल्याकडे शिरोरेषा बहुतेक वेळा अख्खा शब्द धरून ठेवते, 'दिवाळी' हा शब्द एकाच तुकड्यात हातात येतो. फक्त शिरोरेषा जाड असलेला फॉन्ट निवडा, अक्षरं एकत्र वेल्ड करून, म्हणजे जोडून एकच आकार करून घ्या नाहीतर ती जिथे एकमेकांवर चढतात तिथेही ब्लेड फिरतं, आणि अनुस्वार असेल तर तो टिंब वेगळा पडतो हे लक्षात ठेवा, फेकून द्याल. मशीनच्या अ‍ॅपमध्ये जोडाक्षरं तुटत असतील तर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून, आउटलाइन करून (म्हणजे अक्षरांचे आकार करून), एसव्हीजी फाइल आत घ्या.

पट्टी पॅनलच्या खालच्या भागात, झिरमिळ्यांची टोकं तिच्यामागे थोडी लपतील अशी. मग पूर्ण पॅनल बेसवर. आत लिहायला शाई उतरेल अशी भीती असेल तर आत पातळ पांढरा कागद वेगळा लावा.

पाकीट आणि पावसाळा

ए६ कार्डाला सी६ पाकीट बसतं, ११४ बाय १६२ मिलिमीटर. पण फोमची उंची असल्यामुळे तयार पाकिटात कार्ड कोंबल्यासारखं होतं, मी पाकीट स्वतःच पाच-सहा मिलिमीटर मोठं करते. पोस्टाने पाठवायचं तर फोमचा एकच थर ठेवा, आत कार्डाच्या तोंडावर एक जाड पुठ्ठा घाला आणि तिकीट लावायच्या आधी पोस्टात वजन करून घ्या.

दिवाळीची कार्डं करायची म्हणजे सुरुवात गणपतीनंतर लगेच, आणि तेव्हा कोकणात, मुंबईत हवा अजून ओलसरच असते. कार्डस्टॉक ओल धरतो, मऊ पडतो, मग तोच डाय, तेच मशीन, पण कड फाटकी. कागद झिप बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, नव्या चपलांच्या खोक्यात येतात त्याही चालतात. दोन टोकांचे मार्कर आडवे ठेवायचे, उभे ठेवले तर एक टोक कोरडं पडू शकतं. आणि उरलेले रंगवलेले तुकडे टाकू नका, षटकोनाच्या बाहेरचा जो लाल-केशरी भाग राहतो त्यातून छोट्या गोल डायने पणतीच्या ज्योती निघतात, पुढच्या चार कार्डांना पुरतील एवढ्या.